कलेक्टरची जमीन, ‘संपलेलं लीज’ आणि बिल्डरची घाई

प्रश्न थोडक्यात असा. उपनगरातली चाळीस घरांची गृहनिर्माण संस्था. १९६६ साली कलेक्टरकडून जमीन मिळाली, पुढच्या काही वर्षांत इमारत उभी राहिली, आता गच्ची गळते आणि जिन्यात प्लास्टर पडतं. ‘आपलं लीज कधीच संपलंय’ असं सगळे सभासद म्हणतात. तीन बिल्डर येऊन गेले. त्यातल्या एकाने सभेत ठासून सांगितलं की नवीन कायद्यामुळे आता कलेक्टरची परवानगी लागत नाही, ५१ टक्के सह्या झाल्या की काम सुरू. सेक्रेटरींचं विचारणं असं: आधी लीजचं नूतनीकरण, आधी जमीन मालकीची, की आधी बिल्डर? खर्च किती येईल? शिवाय दुसऱ्या मजल्यावरच्या एका आजींचं घर अजून त्यांच्या नावावर झालेलं नाही, त्यांचं काय?

सेक्रेटरीसाहेब, मी सव्वीस वर्षं संस्थांच्या जमिनीचे कागद वाचते आहे. त्यामुळे बिल्डर तिसरा निवडायचा की पहिला, यावर मी आत्ता काही बोलणार नाही. मला आधी तुमच्या कपाटातला १९६६ चा मंजुरी आदेश हवा आणि प्रॉपर्टी कार्डाचा, म्हणजे नगर भूमापनकडच्या जमिनीच्या नोंदीचा, ताजा उतारा हवा. कारण तुमचं लीज संपलंय की नाही याच्या आधीचा प्रश्न असा आहे की तुमचं लीज होतं का?

हसू नका. मुलुंडकडच्या एका संस्थेने चौदा वर्षं ‘लीज नूतनीकरणासाठी’ पत्रं लिहिली. दर वर्षी नवीन कमिटी, दर वर्षी तेच पत्र, खाली तारीख बदललेली. मूळ आदेश कोणी पाहिलाच नव्हता. शेवटी तो सापडला ऑफिसच्या पोटमाळ्यावर, गणपतीच्या मखराच्या थर्माकोलखाली, इंग्रजीत टंकलेला, कडा कुरतडलेला. त्यात पट्टा हा शब्दच नव्हता. जमीन कब्जेहक्काने दिलेली होती, अटींसह. म्हणजे ती संस्था पट्टेदार नव्हतीच, भोगवटादार वर्ग-२ होती. जे कधी नव्हतंच त्याचं नूतनीकरण कोण करून देणार?

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २९ मध्ये जमीन धारण करणाऱ्यांचे प्रकार सांगितले आहेत. भोगवटादार वर्ग-१ म्हणजे ज्याला जमीन विकायला किंवा हस्तांतर करायला सरकारला विचारावं लागत नाही. वर्ग-२ म्हणजे जमीन तुमच्या नावावर, तिला मुदत नाही, पण विकताना, गहाण टाकताना, वापर बदलताना सरकारची मंजुरी हवी. आणि तिसरा सरकारी पट्टेदार, ज्याची जमीन ठरावीक वर्षांसाठी, ठरावीक भाड्याने. मुंबईत तिघांनाही सरसकट ‘कलेक्टर लँड’ म्हणतात, आणि मध्यमवर्गीय संस्थांमध्ये वर्ग-२ लाही ‘लीज’ म्हणायची सवय आहे. या सवयीची किंमत पुढे आकड्यांत दाखवते.

तसं पाहिलं तर हे शहरच मुळात भाड्याने गेलेलं. इंग्लंडच्या राजाने १६६८ मध्ये मुंबई बेट ईस्ट इंडिया कंपनीला दिलं ते वर्षाला दहा पौंड भाड्यावर. पुढे फोरास, टोका, सनदी असे नाना धारणाप्रकार झाले, १८९६ च्या प्लेगनंतर सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला आणि त्याने दादर-माटुंग्याला आखून दिलेले भूखंडही लांब मुदतीच्या पट्ट्यांवरच होते. तेव्हा तुमच्या सभासदांना ‘आपली जमीन आपली नाही’ याचा धक्का बसत असेल, तर त्यांना सांगा की मुंबईत या पंगतीला बरेच जण बसलेले आहेत.

आता बिल्डरचा ‘नवीन कायदा’. माझा अंदाज आहे की त्याने दोन-तीन गोष्टी एकाच पातेल्यात ढवळल्या आहेत. मुंबईत ‘एकोणऐंशी अ’ नावाची दोन कलमं फिरतात आणि भल्याभल्यांची गफलत होते. एक आहे सहकारी संस्था अधिनियम, १९६० मधलं. त्याखाली ४ जुलै २०१९ चा शासन निर्णय आहे, त्यात पुनर्विकासाची सभा कशी घ्यायची, विकासक निवडताना निबंधकांचा प्रतिनिधी हजर हवा, चित्रीकरण हवं, ५१ टक्के सभासदांची संमती हवी, हे सगळं आहे. हे कलम तुम्हाला लागू आहे. दुसरं ७९-अ म्हाडा कायद्यातलं. त्या दुरुस्तीला राष्ट्रपतींची संमती डिसेंबर २०२२ मध्ये मिळाली आणि ती शहर भागातल्या उपकरप्राप्त (म्हणजे दुरुस्तीसाठी वेगळा उपकर भरणाऱ्या जुन्या), मोडकळीला आलेल्या इमारतींसाठी आहे. मालक काही करत नसेल तर भाडेकरूंनी पुढे यावं, तेही जमलं नाही तर म्हाडाने हात घालावा, असा तिचा साचा. उपकर कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतच. तुम्ही उपनगरात, तुमचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही.

५१ टक्के हा आकडा खरा आहे, पण ती संमती सभासदांची आपसातली. जमीन देणारा त्या सभेत बसलेलाच नसतो. सरकारने पट्ट्याने किंवा अटींवर दिलेल्या जमिनीची विक्री, हस्तांतर, पुनर्विकास आणि वापरातला बदल यांना पूर्वपरवानगी हवी, हे महसूल संहितेच्या कलम ३७-अ मध्ये सांगितलं आहे. ‘पुनर्विकास’ हा शब्द त्यात आहे. बिल्डरला हे ठाऊक नसेल असं मला वाटत नाही. त्याला तुमच्या सह्यांचं पत्र हवं असतं, ते हातात आलं की दुसरा कोणी तुमच्या दारात उभा राहत नाही, आणि मग कलेक्टरकडच्या परवानगीला लागतील तेवढी वर्षं लागोत, त्याचं काही अडत नाही.

मग खरा नवीन कायदा कोणता? तुमच्यासाठी तो कलम २९-अ आणि त्याखालचे नियम, जे पहिल्यांदा ८ मार्च २०१९ ला आले. यात वर्ग-२ ची आणि पट्ट्याची जमीन ठरावीक अधिमूल्य (प्रीमियम) भरून वर्ग-१ करून घेता येते. लोक ज्याला ‘जमीन फ्रीहोल्ड करणं’ म्हणतात ते हेच. मूळ नियमांत निवासी वापराच्या वर्ग-२ जमिनीला रेडी रेकनरच्या, म्हणजे सरकारने ठरवलेल्या बाजारदराच्या, १५ टक्के आणि पट्ट्याच्या जमिनीला २५ टक्के असा सवलतीचा दर तीन वर्षांपुरता होता, त्यानंतर ६० आणि ७५ टक्के. सवलतीची मुदत पुढे वाढत गेली, दरांत फेरफार झाले आणि स्वयंपुनर्विकास (बिल्डरशिवाय, स्वतः) करणाऱ्या संस्थांसाठी, पंतप्रधान आवास योजनेची घरं देण्यासारख्या अटींसह, आणखी खालचा दरही आला. म्हणून अर्ज ज्या दिवशी टाकाल त्या दिवशीची अधिसूचना राजपत्रातून काढून अर्जाला जोडा. शेजारच्या संस्थेने दोन वर्षांपूर्वी काय भरलं त्यावर जाऊ नका.

आकडे मांडू, मूळ नियमांतल्या दरांनी. हिशेबासाठी धरू की भूखंड १,२०० चौरस मीटर आणि रेकनरमधला दर मीटरला ८०,००० रुपये. जमिनीची किंमत ९ कोटी ६० लाख. वर्ग-२ असाल तर १५ टक्क्यांनी १ कोटी ४४ लाख, म्हणजे घरटी ३ लाख ६० हजार. पट्टेदार असाल तर २५ टक्क्यांनी २ कोटी ४० लाख, घरटी ६ लाख. थर्माकोलखालच्या त्या कागदाची किंमत घरटी २ लाख ४० हजार झाली, ती अशी. आणि सवलत निसटली तर वर्ग-२ ला घरटी १४ लाख ४० हजार, पट्ट्याला १८ लाख.

इथे एक चूक मी दर वर्षी बघते. सभासद इंटरनेटवर रेकनर उघडतात, आपल्या विभागाच्या ओळीत पहिला मोठा आकडा दिसतो तो उचलतात आणि व्हॉट्सअ‍ॅपवर रडारड सुरू होते. त्या ओळीत खुल्या जमिनीचा दर वेगळा, निवासी सदनिकेचा वेगळा, कार्यालयाचा आणि दुकानाचा आणखी वेगळा. जमिनीचा हिशेब खुल्या जमिनीच्या रकान्यावरून होतो आणि तो सदनिकेच्या दरापेक्षा बराच कमी असतो. दर साधारण १ एप्रिलला बदलतात, तेव्हा सभा, ठराव, वर्गणी हे सगळं फेब्रुवारी-मार्चच्या तोंडावर ढकलू नका.

क्षेत्र हा दुसरा खड्डा. आदेशात एक आकडा, कार्डावर दुसरा, आणि जागेवर कंपाउंड वॉल तिसऱ्याच ठिकाणी. एका संस्थेची पुढची पट्टी रस्तारुंदीकरणात पालिकेने घेतली होती, फुटपाथ होऊन वीस वर्षं झाली होती, पण कार्डावर ती अजून संस्थेच्याच क्षेत्रात. अधिमूल्य त्या फुटपाथवरही लागलं असतं. नगर भूमापन कार्यालयात मोजणीचा अर्ज टाका, रीतसर फी भरा, मोजणीच्या दिवशी लगतच्या संस्थांना नोटिसा गेल्या आहेत ना ते बघा. याला वेळ लागतो, म्हणून हे काम उद्याच सुरू करायचं. ‘नंतर बघू’ यादीत ते जाऊ देऊ नका.

समजा आदेश निघाला आणि तुम्ही खरोखरच पट्टेदार ठरलात, मुदतही संपलेली. तर घाबरायचं किती? मुदत संपली म्हणून कोणी उद्या कुलूप लावत नाही, पण त्या काळातली भाड्याची थकबाकी चढत असते. नूतनीकरणाचं भाडं डिसेंबर २०१२ च्या शासन निर्णयाच्या सूत्राने निघतं: रेकनरच्या किमतीच्या २५ टक्के ही जमिनीची किंमत धरायची आणि निवासी वापराला तिच्या २ टक्के वार्षिक भाडं. आपल्याच उदाहरणात २ कोटी ४० लाखांचे २ टक्के, वर्षाला ४ लाख ८० हजार, घरटी महिन्याला १,००० रुपये. जुनं भाडं वर्षाला काही शे रुपये असल्यामुळे ‘हजारपट वाढ’ अशी ओरड होते आणि पटीत ती खरीही असते. वांद्रे रेक्लमेशनच्या संस्था याच मुद्द्यावर न्यायालयात गेल्या. उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये वाढीचं धोरण उचलून धरलं, पण करारात तशी तरतूद नसताना मुदतीच्या मधेच दर पाच वर्षांनी भाडं पुन्हा वाढवायचं, हे मात्र मान्य केलं नाही. सरकार एवढ्या मोक्याच्या जमिनीवर चहाच्या पैशांत भाडं घेत राहील ही अपेक्षा मलाही कधी पटली नाही. अर्थात ज्या घरात फक्त पेन्शन येते तिथे महिन्याचे हजार रुपये म्हणजे काय, हेही मला कळतं.

नूतनीकरण की रूपांतर (जमीन वर्ग-१ करून घेणं), याचं माझं उत्तर पुनर्विकास नक्की असेल तर रूपांतर. नूतनीकरण करून पुनर्विकासाला गेलात तर परवानगी वेगळी, तिचं अधिमूल्य वेगळं, नवीन घरं विकताना प्रत्येक खरेदीदाराचा प्रश्न वेगळा. शिवाय पट्ट्याची जमीन म्हटली की बँका कर्जाला आढेवेढे घेतात आणि बिल्डर तेवढं क्षेत्र तुमच्या हिश्श्यातून कमी धरतो. पुनर्विकास दहा-पंधरा वर्षं लांब असेल, इमारत दुरुस्तीवर चालणार असेल आणि सभासदांकडे सहा-सहा लाख नसतील, तर नूतनीकरण करून शांत बसण्यात काही गैर नाही. मात्र रूपांतर झालं म्हणजे चटईक्षेत्र, म्हणजे भूखंडावर किती बांधता येईल ते, वाढत नाही. ते रस्त्याच्या रुंदीवर आणि विकास नियंत्रण नियमांवर, विमानतळाजवळ असाल तर उंचीच्या मर्यादेवरही. सभेत कोणी ना कोणी हे दोन्ही एक समजून बोलतोच.

आणि आदेश हातात आला की काम संपलं असं नाही. वांद्रे पूर्वेला उपनगर जिल्हाधिकारी कार्यालयातून रूपांतराचा आदेश घेऊन एक अध्यक्ष पेढे वाटत आले. नऊ वर्षांनी बिल्डरच्या वकिलाने शोध घेतला तर कार्डावर अजून जुनीच नोंद. फेरफाराचा, म्हणजे नोंद बदलण्याचा, अर्जच कोणी टाकला नव्हता. आदेश, चलन आणि अर्ज घेऊन नगर भूमापनला जा, नोंद झालेला उतारा हातात घ्या, धारणाधिकाराच्या रकान्यावर बोट ठेवून वाचा. मगच पेढे.

आता शर्तभंग. खरं तर निम्मं काम इथेच अडतं, म्हणून नीट वाचा. सरकारने तुम्हाला जमीन सवलतीत दिली ती ठरावीक उत्पन्नगटाच्या, राज्यात ठरावीक वर्षं राहिलेल्या, स्वतःचं घर नसलेल्या लोकांसाठी, काही जागा मागासवर्गीयांसाठी राखून. मूळ सभासदांची यादी कलेक्टरने मंजूर केलेली असते. साठ वर्षांत त्या चाळीसपैकी किती घरं विकली गेली? त्यातल्या किती विक्रींना पूर्वपरवानगी घेतली? ९ जुलै १९९९ च्या शासन निर्णयाने हस्तांतराची फी आणि रीत घालून दिली होती, पण संस्थांनी शेअर सर्टिफिकेटवर मागच्या बाजूला नाव चढवलं आणि विषय संपवला. तळमजल्यावर दवाखाना निघाला, शिकवणी सुरू झाली, गच्चीवर मोबाइलचा मनोरा बसला आणि त्याचं भाडं संस्थेच्या खात्यात जमा होऊ लागलं. हे सगळे शर्तभंग. रूपांतराचा अर्ज गेला की तपासणीत ते वर येतात आणि प्रत्येकाचं नियमितीकरण, दंड, कधीकधी अनर्जित उत्पन्नाचा (जमिनीच्या वाढलेल्या किमतीतला) हिस्सा, असं चालू होतं.

म्हणून एक मोठी वही घ्या. खरंच वही, एक्सेल नंतर. एका पानावर एक घर. मूळ सभासद कोण, मंजूर यादीत नाव आहे का, मग कोणाकडे गेलं, विक्रीने की वारसाने, कोणत्या तारखेला, परवानगीचं पत्र क्रमांकासह, मुद्रांक आणि नोंदणी झाली का, आजचा वापर काय. मी एका संस्थेत हे काम दोन रविवारी केलं, सभासदांना कागद घेऊन खाली हॉलमध्ये बोलावलं. चाळीसमध्ये अकरा घरं कच्ची निघाली आणि त्यातली दोन कमिटी सदस्यांची. त्यांचे चेहरे मला आठवतात. पण ते त्या रविवारी कळलं म्हणून बरं झालं. करार झाल्यावर कळलं असतं तर बिल्डरने तेच दोन धागे ओढून सगळ्यांचं पर्यायी घराचं भाडं थांबवलं असतं.

बिल्डर ‘कलेक्टरचं सगळं आम्ही भरू’ म्हणतो तेव्हा त्याला दोन प्रस्ताव मागा. एक, जमीन आज आहे तशी. दुसरा, संस्थेने स्वतः अधिमूल्य भरून वर्ग-१ केलेली. दोन्हींतल्या चटईक्षेत्राचा आणि कॉर्पसचा (बिल्डर देतो त्या एकरकमी पैशांचा) फरक काढा आणि तो घरटी ३ लाख ६० हजारांशी किंवा ६ लाखांशी ताडून बघा. माझ्या अनुभवात त्याने ‘भरलेले’ पैसे तुम्हीच भरलेले असतात, फक्त चौरस फुटांत. पैसे नसतील आणि त्यानेच भरायचे ठरलं तरी चलन संस्थेच्या नावाने, अर्जदार संस्था, आदेश संस्थेच्या नावाने. बिल्डरला कुलमुखत्यारपत्र देऊन हे काम त्याच्या माणसाकडे सोपवू नका.

हे सगळं कलेक्टरच्या जमिनीचं झालं. तुमच्या सभासदांचे भाऊबंद दुसरीकडे राहत असतील आणि हे उत्तर त्यांना पाठवणार असतील, तर त्यांनी आधी आपला जमीनमालक ओळखावा. कन्नमवार नगर, टिळक नगर, नेहरू नगर ही म्हाडाची वसाहत. तिथे संस्थेला जमिनीचा पट्टा आणि इमारतीचं विक्रीखत म्हाडाने दिलेलं असतं, पुनर्विकास विकास नियंत्रण नियमांतल्या विनियम ३३(५) खाली जातो आणि २०१८ पासून आराखडेही म्हाडाच मंजूर करते. महापालिकेचे पट्टे चार हजारांहून जास्त, त्यांना १८८८ चा पालिका अधिनियम आणि मालमत्ता खातं. पूर्व किनाऱ्याला मुंबई पोर्टची जमीन, ती केंद्राची, तिथे राज्याचं २९-अ चालतच नाही.

राहिल्या आजी. तुम्ही लिहिलंय की घर त्यांच्या यजमानांच्या नावावर होतं, ते २००९ मध्ये गेले, नॉमिनेशन मुलाचं आहे आणि मुलगा परदेशात. वारसाने आलेलं घर म्हणजे विक्री नव्हे, त्यामुळे शर्तभंगाची भीती त्यांना घालू नका. सभेत कोणीतरी घातली असणार. नॉमिनी हा संस्थेपुरता विश्वस्त, मालकी वारसांची. मृत्यूचा दाखला, वारसांची प्रतिज्ञापत्रं आणि मुलाचं, मुलगी असेल तर तिचंही, हक्कसोडपत्र लागेल. ते नोंदणीकृत हवं, आणि मुलगा तिकडूनच भारतीय वकिलातीत साक्षांकित मुखत्यारपत्र पाठवू शकतो. मग संस्थेच्या ठरावासह त्यांचं नाव सभासद म्हणून कलेक्टर कार्यालयाला कळवा आणि आवक शिक्का मारलेली प्रत त्यांच्या हातात द्या. त्यांचा अर्ज बाकी घरांच्या गठ्ठ्यात घालू नका, वेगळा आणि आधी टाका. त्यांच्या पानाची झेरॉक्स काढताना मूळ मंजुरी यादीतलं यजमानांचं नाव कसं लिहिलंय तेही बघा. त्या काळच्या टंकलेखनात आडनावं सर्रास चुकलेली असतात, आणि त्याचं एक वेगळं प्रतिज्ञापत्र लागतं.